माशामागची जाळी

“मासा मेला. वहिनीने गुपचूप दुसरा आणून टाकीत सोडला आणि बाबांना पत्ताही लागला नाही. पुढे महिनाभर ते त्या नव्या माशाचे फोटो काढत राहिले, त्याच्यामागची पार्श्वभूमी पुसत राहिले, आणि आम्ही सगळे ‘वा बाबा’ म्हणत राहिलो. मासा बदलला तरी माया तीच राहावी, असे भाग्यवान वय एकेकाच्या वाट्याला येते.”

हा उतारा माझ्या मुलीच्या लेखातला आहे, आणि त्यात सांगितलेली गोष्ट घडलेली नाही.

मुलगी पुण्यात असते. ती बरे लिहिते. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तिचा एक विनोदी लेख दरवर्षी असतो, आणि या वेळचा माझ्यावर होता. त्यात माझे नाव नाही. पण आमच्या लश्कर भागातली जुनी मराठी घरे एकमेकांना नावापेक्षा जिन्यावरून जास्त ओळखतात. अंक घरोघर पोचल्यावर मला एका लग्नाला नेण्यात आले. (हल्ली मी कुठे जात नाही, नेला जातो.) तिथे एका गृहस्थांनी माझ्या कानाशी वाकून, मी बहिरा असल्यासारख्या आवाजात विचारले, “काय काका, मासा कसा आहे? तोच आहे ना?”

“तोच नाही,” मी म्हणालो.

“अरे वा, म्हणजे कळलं तर शेवटी!”

“मला कळायला वेळ लागत नाही. तुमच्या डोक्यावरचे केसही मागच्या लग्नातले नाहीत, हे मी दारातच पाहिलं.”

मुलाने मला लवकर घरी आणले.

गोड लिहिण्याची कला मुलीला तिच्या आईकडून मिळाली. तपासून लिहिण्याची माझ्याकडून मिळायला हवी होती. तिने लिहिले आहे की मासा ‘काचेच्या वाडग्यात’ होता. माझ्याकडे वाडगा नाही. हात पसरावा एवढ्या लांबीची चौकोनी टाकी आहे, तिला हवेचा पंप आहे, पाणी कोमट ठेवणारा हीटर आहे. तिने लिहिले आहे की मासा ‘लालचुटुक’ होता. तो निळा होता, तोही शाईचा निळा नव्हे, मोरपिसाच्या डोळ्यात असतो तसा काळसर निळा. आणि तिने लिहिले आहे की बाबांना ‘मोबाइलचा नाद लागला’. ज्याने लोकनिर्माण विभागात मानचित्रकार म्हणून सारी नोकरी रेषा काढण्यात घालवली, पूल, विश्रामगृहे, तहसील कचेऱ्या यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर उतरवले आणि चुकलेली रेषा ब्लेडने अशी खरवडली की कापडाला ओरखडा दिसू नये, त्याच्या हातातल्या कामाला नाद म्हणत नाहीत.

पण वाडगा, लाल रंग आणि नाद एवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. लेखाने जे सिद्ध झाल्यासारखे दिसते, त्याचा परिणाम माझ्या घरात रोज सकाळी होतो. मुलगा आणि सूनबाई कामावर जातात, बाहेरचे जाळीचे दार ओढून घेतले जाते, आणि कुलूप लागल्याचा आवाज येतो. त्या कुलपाची एक किल्ली मला हवी आहे. ती मला दिली जात नाही, आणि न देण्याचे कारण म्हणून हा मासा सांगितला जातो. माझे भांडण एवढेच आहे.

दार बंद होऊ लागले ते एका जुन्या प्रकरणापासून. त्याचीही एक कौटुंबिक आवृत्ती आहे: ‘बाबा हरवले होते.’ मी हरवलो नव्हतो. मी पाटणकर बाजारात काळा पुठ्ठा आणायला गेलो, येताना दाना ओली नावाच्या गल्लीतून वळलो, आणि तिथे माझा उजवा गुडघा अडकला. गुडघा अडकलेला माणूस ओट्यावर बसतो. मी बसलो. दुकानदाराने चहा पाजला, आम्ही त्याच्या भिंतीतल्या ओलीवर बोललो, आणि ती छताच्या पन्हळीतून येते की शेजारच्या मोरीतून यावर आमचा वाद अर्धा राहिला असताना मुलगा धापा टाकत आला. फोन बंद पडला होता, हे खरे. पण आपण कुठे बसलो आहोत हे ज्याला गल्लीच्या रुंदीसकट सांगता येते, तो हरवलेला कसा?

“बाबा, टेन्शन नका घेऊ,” जाळीला कुलूप आणले त्या दिवशी मुलगा म्हणाला. तो बँकेत आहे, आणि त्याची मराठी बोलता बोलता हिंदीत उतरते. “सेफ्टी के लिए आहे. आतलं दार तर तुमच्याच हातात आहे ना?”

गोरखी महालाजवळच्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आतले लाकडी दार उघडले की लोखंडी जाळी, जाळीपलीकडे जिन्याचा चौथरा, आणि समोर एक फ्लॅट, जो भाडेकरू न मिळाल्याने रिकामा आहे. लाकडी दार माझ्या हातात देऊन जाळी स्वतःकडे ठेवणे म्हणजे काय, हे मी मुलाला समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. ऐकून घेण्यात तो पटाईत आहे.

मासाही त्यानेच आणला. “तुम्हाला कंपनी,” असे म्हणाला. मासा फायटर जातीचा होता. या जातीचे दोन नर एका टाकीत ठेवले तर एक उरतो, म्हणून त्याला एकट्यानेच राहावे लागते. दुकानदाराने मुलाला हे सांगितले होते, मुलाने मला सांगितले, आणि सांगताना त्याच्या मनात काही आले असावे, कारण तो घाईने चहाला उठला.

आता पार्श्वभूमीविषयी. ‘म्हातारा फोटोतून घर पुसतो’ असा एक विनोद मुलीने केला आहे. वाचणाऱ्याला वाटावे की मला माझी माणसे नकोशी झाली. वस्तुस्थिती अशी की टाकी बैठकीच्या भिंतीशी आहे आणि तिच्या समोर दार आहे. दिवसा लाकडी दार मी उघडे ठेवतो, कारण जिन्यावरून कोणी गेले तर पाय तरी दिसतात. त्या उजेडात टाकीच्या काचेवर जाळीचे प्रतिबिंब पडते. मी फोटो काढला की मासा चौकटीचौकटीच्या मागे. जरा बाजूने काढला की माशामागे माझा पलंग, औषधांचा डबा, खुंटीवरची काठी. पहिला फोटो मी घरच्या ग्रुपवर पाठवला, तेव्हा कोणी लिहिले, ‘बाबा, पलंगाची चादर छान आहे.’ मासा कोणाला दिसलाच नाही. ज्याचे चित्र काढायचे ते चित्रात दिसत नसेल, तर ते चित्र चुकले, हे आमच्या कचेरीत नवख्यालाही शिकवत.

म्हणून मी टाकीमागे काळा पुठ्ठा लावला, खोलीतला दिवा बंद केला, टाकीवरचा चालू ठेवला. जाळीचे प्रतिबिंब पुसट झाले, गेले नाही. मग फोनमध्येच पार्श्वभूमी कापून टाकायला शिकलो. एक बटण दाबले की ते यंत्र सांगते, हा मासा आणि हे बाकीचे. पण यंत्राला मासा कळत नाही. फायटरच्या पराच्या कडा पाण्याइतक्या पारदर्शक असतात. यंत्र त्यांना पाणी समजून कापते आणि मासा केस भादरल्यासारखा दिसतो. त्या कडा परत आणाव्या लागतात. चित्र मोठे करायचे, बोटाच्या टोकाने पराचा एकेक काटा पुन्हा उमटवायचा, आणि दोन काट्यांमधला पडदा अर्धा दिसेल इतकाच ठेवायचा. त्यानंतर मागे रंग. निळा उठून दिसायला लोक पांढरा घालतात, आणि मासा धोब्याच्या दुकानात टांगल्यासारखा होतो. मी मळकट गेरू घाली, कधी वाळलेल्या शेवाळाचा हिरवा. मग त्या निळ्याला जे तेज येई, ते टाकीतही नसे.

हे काम सकाळी कुलूप लागले की सुरू होई आणि जेवणापर्यंत चाले. त्या वेळेत मला दाराची आठवण होत नसे. एवढे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

फोटो काढण्याआधी मी टाकीला एक छोटा आरसा दाखवी. आरशातला मासा पाहून हा चिडे, गाल फुगवी आणि सारे पर पसरी. शेपटी पूर्ण उघडली की तिच्या वरच्या आणि खालच्या कडा एका सरळ रेषेत येत, कोनमापकाची बैठी बाजू असावी तशा. असे अखंड अर्धवर्तुळ सगळ्या फायटरांना नसते. ही बाह्यरेषा मी रोज काढली आहे. माणूस आपली सही विसरेल, पण रोज काढलेली रेषा त्याच्या बोटातून जात नाही.

आता तो दिवस.

जानेवारी होता आणि आमच्याकडे जानेवारीत जसे धुके पडते तसे पडले होते. समोरच्या इमारतीचा फक्त आवाज येत होता. मुलगा लवकर गेला. सूनबाई शाळेत शिकवते, तिला परीक्षेचे काम होते. निघता निघता मिक्सरच्या प्लगमधून ठिणगी उडाली. ती घाबरली, आणि घाबरून तिने जे केले ते योग्यच केले: बाहेर जाऊन स्वयंपाकघराच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायची कळ, खाली ओढली. मग जाळी ओढली, कुलूप लावले, “बाबा, येते” म्हणाली आणि उतरली.

एमसीबीची पेटी जिन्याच्या चौथऱ्यावर आहे. टाकीचा पंप आणि हीटर स्वयंपाकघराच्या लाइनवर आहेत, कारण टाकीमागची भिंत स्वयंपाकघराचीच. फ्रिजही त्यावरच. हे तिच्या ध्यानात आले नाही. घाईच्या माणसाच्या ध्यानात ते येऊ नये, हेच स्वाभाविक आहे.

पंपाची गुरगुर थांबली तेव्हा मला कळले. जाळीशी गेलो. पेटी समोर दिसत होती. तिचे प्लास्टिकचे झाकण उघडे राहिले होते आणि रांगेतल्या बाकीच्या कळांत एक खाली झुकलेली कळ स्पष्ट दिसत होती. जाळीतून मनगट जात होते, कोपर जात नव्हते. मी काठी घातली. काठी पेटीपर्यंत पोचली, पण तिचे रबरी टोक कळीपेक्षा जाड. रबर काढले, पुन्हा घातली. टोक कळीखाली बसले आणि झाकणच खाली पडले. मग काठीने झाकण उचलून धरायचे आणि कळ कशाने उचलायची? दुसऱ्या हातात पडद्याची दांडी घेतली. एका हाताने झाकण, दुसऱ्याने दांडी. दांडी वाकली. मी थांबे, हात चोळी, पुन्हा करी. खालच्या मजल्यावर हाक मारली. थंडीमुळे सगळ्यांची दारे बंद. मुलाला फोन केला. त्याने तो कापला आणि ‘नंतर करतो’ असा तयार संदेश आला. सूनबाईचा फोन परीक्षेच्या वेळी जमा असतो.

मी आयुष्यभर मोजमापे केली. त्या दिवशी माझ्या आणि त्या कळीच्या मधले अंतर माझ्या घराच्या लांबीइतकेही नव्हते, आणि ते ओलांडण्याचे साधन माझ्या सुनेच्या पर्समध्ये शाळेत पडले होते.

न्हाणीघराचा गिझर दुसऱ्या लाइनवर होता. बाटल्यांत गरम पाणी भरून त्या टाकीत तरंगत ठेवल्या. माझी रजई टाकीभोवती गुंडाळली. बाटल्या निवल्या की पुन्हा भरल्या. टाकी एवढी मोठी आणि बाटल्या एवढ्याशा. पण दुपारपर्यंत मासा हलत होता, मग तळाला टेकला, मग फक्त कल्ले हलत राहिले. आरसा दाखवला. त्याने पाहिले नाही.

संध्याकाळी सूनबाईने आधी बाहेरची कळ वर केली आणि मग कुलूप उघडले. पंप गुरगुरला. ती आत आली, तिने माझी रजई टाकीभोवती पाहिली, तरंगणाऱ्या बाटल्या पाहिल्या, आणि मागे वळून जिन्याकडे पाहिले.

“बाबा, रजई इथे?”

“थंडी होती.”

बाटल्या तिनेच काढल्या. माझ्यासाठी दुसरी रजई आणली आणि चहात आले जास्त घातले. माझ्या तोंडात एक चांगले कठोर वाक्य तयार होते. पण तिची बोटे खडूने आणि थंडीने फुटलेली होती, आणि वाक्य सकाळपर्यंत थांबू शकत होते.

सकाळी मला उशिरा जाग आली. टाकीला फडके घातलेले. “पाणी निवळतंय, बाबा, फडकं काढू नका,” असे सांगून ती बाहेर गेली आणि कापडी पिशवी घेऊन परत आली. त्या दिवशी तिने रजा टाकली होती. दुपारी धुके उठल्यावर तिने मला बाल्कनीतल्या उन्हात बसवले. तिथल्या तुळशीशेजारच्या कुंडीतली माती ताजी उकरलेली होती. मी आत आलो तेव्हा फडके निघाले होते आणि टाकीत एक निळा मासा फिरत होता.

तो तोच निळा होता. एवढा जुळता रंग शोधायला तिला किती दुकाने फिरावी लागली असतील, हे मला तेव्हाच जाणवले. पर मिटलेले असताना कोणीही फसला असता. मी सवयीने आरसा दाखवला. त्याने गाल फुगवले, शेपटी उघडली, आणि ती पंख्यासारखी उघडून तिथेच थांबली. वरची कड एका दिशेला, खालची दुसऱ्या. सरळ रेषा झाली नाही.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“कसा आहे?” तिने विचारले.

“बरा दिसतोय,” मी म्हणालो.

आमच्या दोघांत यापलीकडे काही बोलणे झाले नाही. तिने नवऱ्याला एवढेच सांगितले की मासा थंडीने मेला, मी दुसरा आणला, बाबांना सांगू नका. त्याने बहिणीला सांगितले, आणि बहीण लेखिका आहे.

उन्हाळ्यात मुलगी माहेरी आली. सगळे बसले होते, सूनबाई खरबूज चिरत होती. मला वाटले, आज मुलगी आहे, आज विषय काढावा.

“मला जाळीची एक किल्ली हवी आहे.”

“बाबा, फिर वही?” मुलगा म्हणाला.

“परत नव्हे. अजून तेच.”

“दादा, देऊन टाक ना,” मुलगी म्हणाली. “पळून का जाणार आहेत ते? आणि गेले तर गुडघा आहेच आपल्या बाजूने.”

“तू चार दिवस येतेस, तुला मजा वाटते. अगं, मासा बदलला तो यांना कळला नाही. महिनाभर त्याचे फोटो पाठवत होते, तूच तर ग्रुपवर अंगठे टाकत होतीस. ज्यांना आपली मछली ओळखता येत नाही, वो रास्ता क्या पहचानेंगे?”

मुलगी हसली, पण माझ्याकडे पाहून. “खरंच बाबा? नाही कळलं?”

सूनबाईची सुरी थांबली. “अहो, पण त्या दिवशी मी जाताना—”

“सूनबाई,” मी म्हणालो, “पाणी.”

“बाबा, मला सांगू द्या.”

“थंड नको. माठातलं आण.”

ती उठली. विषय संपला. किल्ली त्या दिवशी येण्याच्या बेतात होती आणि मी तिला पाण्याला पाठवून दिले. मला सगळे माहीत होते असे मी सांगितले असते, तर पुढचा प्रश्न ‘कसे?’ असा येणार. मग कळ, मग कुलूप, मग रजई. नणंदेसमोर आणि नवऱ्यासमोर तिच्या हातून मासा मेल्याचे ठरले असते. माझा मुलगा मनाने वाईट नाही, पण चूक सापडली की तो ती पुन्हा पुन्हा चघळतो. माझा गुडघा त्याला विचारा. कोणाला दोषी ठरवून स्वतःचे शहाणपण सिद्ध करण्यापेक्षा वेडा ठरणे मला परवडले. ते परवडणे रोज सकाळी कुलपाच्या आवाजात ऐकू येते, ही गोष्ट वेगळी.

मग अंक आला. सूनबाईने तो वाचला आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?”

“केव्हापासून विचारते आहेस?”

“जानेवारीपासून. मनातल्या मनात.”

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

ती पलंगाच्या कडेवर बसली. “मला वाटलं तुम्ही म्हणाल, कुलूप तर घालतेस, वर लाइट पण काढून जातेस.”

“म्हणालो असतो.”

“मला ठाऊक आहे.” ती हसली आणि तिने पदराने नाक पुसले. “आता लिहा तुम्ही. कळीचंही लिहा, सगळं. ह्यांना मी काल सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, बाबा आता काहीही म्हणतील. त्यांना हे नंतर सुचलं असेल.”

मुलाचा हा आक्षेप चुकीचा असला तरी बिनबुडाचा नाही. सूनबाई कळीची साक्ष देऊ शकते, कुलपाची देऊ शकते. मी आरशासमोर काय पाहिले याची देऊ शकत नाही. मला कळले होते असे मी म्हणतो, आणि कळले नव्हते असे ते म्हणतात. शब्दाला शब्द लावून हा वाद मिटणार नाही. नंतर सुचणे शक्यच नाही असा पुरावा हवा. मी हे लिहीत असताना जाळीला कुलूप आहे आणि तो पुरावा मुलीने स्वतःच, नकळत, छापून ठेवला आहे.

नवा मासा आल्यावर मी दोन-तीनदा फोन उचलला. आरसा दाखवला, मासा चिडला, आणि माझे बोट उठले नाही. कुंडीतली माती वाळली नव्हती आणि मी दुसऱ्याची बाह्यरेषा काढू लागायचे, हे मला जमेना. आजतागायत जमलेले नाही. त्याला मी खाऊ घालतो, पाणी बदलतो, तो माझ्यावर नाराज नाही. पण फोटो थांबले असते तर ग्रुपवर चौकशी झाली असती, आणि चौकशीचे उत्तर सूनबाईला द्यावे लागले असते. माझ्याकडे जुन्या माशाच्या कापून ठेवलेल्या आकृती पुष्कळ होत्या, पार्श्वभूमीशिवाय, नुसता मासा. त्यांतली एक घ्यायची, डावीकडे पाहणारा असेल तर उजवीकडे वळवायचा, थोडा तिरपा करायचा, मागे नवा रंग घालायचा आणि पाठवायचे. महिनाभर मी तेच केले. रोज ‘वा बाबा’ येत होते. मुलगा, मुलगी, जावई, कोणाचाही अंगठा चुकला नाही.

लेखाच्या वर, संपादकांनी कौतुकाने पाऊण पान देऊन, त्याच महिन्यातला एक फोटो छापला आहे. मागे गेरू रंग आहे, आणि लेखातला ‘लालचुटुक’ मासा फोटोत निळाच आहे. खाली मुलीची ओळ आहे: ‘बाबांना न ओळखता आलेला नवा मासा.’ अंक घरोघर आहे आणि पट्टी प्रत्येक घरात असते. ती त्या माशाच्या शेपटीच्या वरच्या कडेवर ठेवावी आणि खालच्या कडेपर्यंत न्यावी. दोन्ही कडा एका रेषेत आहेत. तो जुना मासा आहे.